मत, देव आणि गाणं: सीमाभागातल्या घरांतले अनुभव

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. शहापुरातल्या आमच्या घरात तो दिवस काळा दिन म्हणूनच पाळला जायचा. बाबा दंडाला काळी फीत बांधून फेरीला जायचे आणि रात्री त्याच हातानं रेडिओची खुंटी फिरवून धारवाड केंद्र धरायचे. मल्लिकार्जुन मन्सूर वचन, म्हणजे लिंगायत संतांचं कन्नड पद, गायला लागले की घरात कुणी भांडं वाजवायचं नाही. बाबांना कन्नड यायचं ते बाजारापुरतं. मी बारा वर्षांचा असताना एकदा न राहवून विचारलं, "बाबा, सकाळी निषेध आणि रात्री हे?" ते म्हणाले, "माझं भांडण कन्नडशी नाही रे. मला माझ्या जमिनीचा उतारा माझ्या भाषेत पाहिजे." जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के आहेत तिथं सरकारी सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत मिळावेत, हे सूत्र त्यांना तोंडपाठ होतं. उतारा शेवटपर्यंत कन्नडमध्येच आला.

मी आजही फेरीला जातो. मन्सूरही ऐकतो. देवपूजा मात्र बाबांबरोबर संपली, माझ्यानं ती पुढं चालली नाही. म्हणून विचारतोय: मत, देव आणि गाणं, यातलं घरानं तुम्हाला काय दिलं, स्वतः काय मिळवलं, आणि अडलं कुठं? पक्षाचा प्रचार नको. स्वतःबद्दल लिहा.

खानापूर तालुका, शिक्षिका

माझं माहेर बैलहोंगलकडचं, लिंगायत. सासर मराठी आणि वारकरी. लग्नाच्या वेळी दोन्हीकडची माणसं नाराज होती. पहिल्या आषाढीला आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, तुळशीची माळ पुढं केली. मी म्हटलं, "गळ्यात लिंग आहे, माळ नको." चार दिवस आमच्यात बोलणं नव्हतं.

पुढं एकदा तांदूळ निवडताना मी अक्कमहादेवीचं वचन गुणगुणत होते. आत्ती म्हणाल्या, "अर्थ सांग की." मी सांगितलं, ही बाई राजवाडा सोडून निघाली, चेन्नमल्लिकार्जुनालाच नवरा मानलं, त्याच्याशीच भांडली, त्यालाच शोधत रानोमाळ फिरली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमची जनी बी देवासंगं असंच बोलती." त्यानंतर रोज संध्याकाळी एक वचन आणि एक अभंग, असं आमचं सुरू झालं. त्यांचा लाडका चोखोबा. चोखोबा मंगळवेढ्याचे, आणि बसवण्णाही कर्नाटकातल्या कल्याणला जायच्या आधी बिज्जळ राजाच्या चाकरीत मंगळवेढ्यालाच होते, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. दोघांमध्ये दीड-दोनशे वर्षांचं अंतर, पण गाव एकच.

म्हणून आमची मतं एक झाली असं नाही. देव देवळात नाही, असं मी आजही मानते. त्या पंढरीला जातातच. मी पिशवी भरून देते, बसमध्ये बसवते आणि परत फिरते. मत कुणाला देते ते आजवर घरात सांगितलेलं नाही. वाडीवरच्या मराठी शाळेत मास्तर कोण देणार, एवढंच मी बघते. पटावर नऊ पोरं राहिलीत. कन्नड माझी मायबोली, तरी ती शाळा बंद पडू नये म्हणून मी तीन वेळा अर्ज घेऊन गेलेय.

बेळगाव, नोकरी शोधणारा

सर्वोच्च न्यायालयातला सीमाखटला २००४ चा, मी २००३ चा. घरात त्या खटल्याची तारीख निघाली की आजोबा रेडिओचा आवाज वाढवायचे. माझा सगळ्यात जवळचा मित्र कन्नड. १ नोव्हेंबरला तो लाल-पिवळी शाल घालून कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत असतो, मी काळे कपडे घालून फेरीत. दोन वर्षांपूर्वी दुकानांच्या पाट्यांवरून आमचं कडाक्याचं वाजलं आणि चार महिने आम्ही बोललो नाही. त्या चार महिन्यांत त्यानं आधी पाठवलेली कन्नड सिनेमांची गाणी मी रोज ऐकत होतो, त्याला कळू न देता. आता बोलतो, पण पाट्यांचा विषय दोघंही काढत नाही. ते मला बरं वाटत नाही. मैत्री खरी असेल तर त्यावरही बोलता आलं पाहिजे, असं मला वाटतं.

शिवजयंतीच्या चित्ररथांबद्दलही सांगतो. रात्रभर उभं राहून बघतो मी ते. फक्त ढोल-ताशा पाहिजे, छातीत धडधडणारा डीजे नको. यावर मंडळात माझ्या बाजूनं दोघंच आहेत.

खानापूरजवळचं गाव, पखवाज वाजवणारा

घरात दख्खनी, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड. नमाज चुकवत नाही आणि वीस वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवला. मग एका वर्षी आमच्यातल्या काहींनी विचारलं, आणि त्याच वर्षी मंडळातल्या काहींनीही विचारलं. मी वाजवणं थांबवलं. तीन वर्षांनी मंडळातले म्हातारे घरी आले, ओट्यावर बसले, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "एकादशीला ये गा." गेलो. दरवर्षी मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणात गाणं होतं, तिथं रात्रभर बसतो. तिथं कुणी काही विचारत नाही.

निपाणी

माझी आई विड्या वळायची. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात वडील हमरस्त्यावर बसले होते. गोळीबारात शेतकरी गेले, ते सांगताना त्यांचा आवाज आजही बदलतो. माझं राजकारण तिथून आलं. देव मी मानत नाही.

गाणं मावशीकडून आलं. मावशीला लहानपणीच देवदासी म्हणून सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेलं. कर्नाटकात त्याविरुद्ध कायदा झाला १९८२ मध्ये, तोवर तिचं अर्धं आयुष्य संपलं होतं. आवाज असा, की ती दारात जोगवा मागायला उभी राहिली की गल्ली थांबायची. "उदं गं आई उदं" कानावर आलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो. ही प्रथा पुरती मिटावी म्हणून मी गावोगाव सभा घेतल्या, आणि त्याच प्रथेतलं गाणं मला सगळ्यात प्रिय आहे. याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

एका सभेला मावशी मागं बसली होती. परत येताना म्हणाली, "बोललास ते खरं हाय रे बाळा. मग मी आता चौंडकं वाजवू का ठेवून देऊ, ते तूच सांग." मला उत्तर देता आलं नाही. ती पुढची अकरा वर्षं वाजवत राहिली.

आता ते चौंडकं माझ्याकडं आहे. कातडं सैल झालंय, तात तुटलीय. गेल्या महिन्यात दुरुस्तीला नेऊन दिलंय.