मदत हवी आहे: सारख्याच लिपिड व्हेसिकल वेगवेगळ्या आकारात का जातात?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पात डीओपीसी या फॉस्फोलिपिडच्या महाकाय व्हेसिकल (म्हणजे लिपिडच्या पातळ पटलाच्या, पाण्याने भरलेल्या बंद पिशव्या) बनवतोय. आत सुक्रोज, बाहेर ग्लुकोज. बाहेरचं द्रावण किंचित दाट केलं की पाणी बाहेर येतं, गोल सैल पडतो आणि आकार बदलतो. इथवर ठीक.

हेल्फ्रिशच्या १९७३च्या सूत्राप्रमाणे पटल फक्त वाकण्याची किंमत मोजतं. गोलाला ती ८πκ (κ म्हणजे पटलाचा वाकण्याला विरोध), म्हणजे त्रिज्या कितीही असो, सारखीच. मग आकार ठरवणार रिड्यूस्ड व्हॉल्यूम: तेवढ्याच क्षेत्रफळाच्या गोलाच्या तुलनेत आतलं घनफळ किती. ०.६५ च्या वर लांबुडका आकार, ०.५९ पर्यंत चकती, त्याखाली वाटी. माझ्या सगळ्या ०.८५ च्या आसपास आहेत. तरी एक सिगारसारखी, तर शेजारचीला चक्क कळी फुटलीय! मान बारीक, वर छोटा गोळा. सर म्हणतात, "अशुद्धी असेल." पटत नाही. कुणी सांगेल का?

प्रतिसाद:
अशुद्धीवर लगेच ढकलू नका. तुम्ही पटल एकसंध धरलंय. त्याला लिपिड रेणूंचे दोन पापुद्रे आहेत, एक आतला, एक बाहेरचा. ते एकमेकांवरून सरकतात, पण फॉस्फोलिपिडचा रेणू एकातून दुसऱ्यात जायला तास न् तास लागतात. व्हेसिकल मिटली त्या क्षणी कुठल्या पापुद्र्यात किती रेणू अडकले, ते जवळपास कायम. बाहेरच्या पापुद्र्यात हजारात एखादा रेणू जास्त असला तरी पुरतं, कळीकडे कल जातो. कास आणि झाकमान या संशोधकांनी १९९१ मध्ये शुद्ध पाण्यात नुसतं तापमान बदलून असेच वेगवेगळे मार्ग दाखवलेत.

तुम्हीही तेच करा. दोन-चार अंश तापवा (पटल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं), मग थंड करा. कळी परत आत गेली तर पापुद्र्यांचा मामला. दरवेळी थोडी जास्तच सैल होत असेल तर बाष्पीभवन होतंय, म्हणजे नमुना ठेवलेला चेंबर उघडा आहे.

धागाकर्ता:
आभार! चेंबर उघडाच आहे. 😅 झाकायला व्हॅक्यूम ग्रीस चालेल, की त्यातलं काही लिपिडमध्ये उतरेल? आणि कोलेस्टेरॉल भराभर पापुद्रा बदलतं म्हणतात. थोडं मिसळलं तर कळ्या कमी दिसायला हव्यात ना?