गाजर गवतावर मेक्सिकन भुंगे: किती, कधी सोडायचे?

शिवारवाट: राम राम मंडळी. दीड एकर पडीक रानात गाजर गवत गुडघ्याएवढं झालंय, थोडं फुलावर आहे. त्याची पानं खाणारे मेक्सिकन भुंगे किती लागतील? बांधापलीकडे सूर्यफूल आहे, त्यावर जातील का?

काळीमाती: दादा, पडीक रान या भुंग्याला मानवतं. पूर्ण वाढलेली अळी जमिनीत शिरून कोष करते, त्यामुळे नांगरटीच्या रानात तो टिकत नाही. 500 ते 1000 प्रौढ भुंगे एकाच जागी सोडा. रानभर विखुरले तर बस्तान बसत नाही. पानांची चाळण झालेल्या गवतावरून वेचून आणा: पांढुरकी पाठ, त्यावर गडद नागमोडी रेघा. भोकं पाडलेल्या बरणीत गवताचे कोवळे शेंडे घाला आणि आणलेल्या दिवशीच संध्याकाळी सोडा. हातमोजे घालाच, या गवताने अंगावर खाज उठते.

बांधकरी: सूर्यफुलाची शंका रास्त आहे. 1983 साली हा भुंगा मेक्सिकोहून बंगळूरला आणला. पुढे कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला आणि मोठा वाद झाला. गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले की तो ती पानं कुरतडतो, असं तपासात आढळलं. म्हणून बांधालगतचं गवत फुलायच्या आत उपटा, आणि भुंगे रानाच्या दुसऱ्या टोकाला सोडा.

तणवैरी: एवढ्यावर विसंबू नका. गाजर गवत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलतं, एकेक झाड हजारो बिया टाकतं. भुंग्यांची एक पिढी व्हायलाच साधारण महिना लागतो. त्यांची फौज उभी राहते ऑगस्ट-सप्टेंबरात, तोवर पहिली उगवण बी टाकून मोकळी. फुलावरची झाडं आत्ताच ओल्या जमिनीतून मुळासकट काढा, कोवळी भुंग्यांसाठी ठेवा. हिवाळा-उन्हाळा भुंगा जमिनीत सुप्त असतो, तेव्हाची उगवण हातानेच काढावी लागते. मोकळ्या जागेत तरोट्याचं बी फेका, तो गाजर गवताला दाबतो.

शिवारवाट: आधी तणनाशक मारून मग भुंगे सोडले तर?

तणवैरी: नको. गवत जळलं की भुंग्याचं खाणंच गेलं, तो उडून जाईल. सोडल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी शेंडे उलगडून बघा. आत बारीक पिवळसर अळ्या दिसल्या म्हणजे भुंगा रुजला.