फिरतीच्या बिऱ्हाडात कुत्रा बांधताना : सोलापुरातून आलेले अनुभव

सोलापूर जिल्ह्यात वर्षातले काही महिने रानात, रस्त्याकडेला किंवा गाडीत काढणारी माणसे पुष्कळ आहेत. मेंढपाळांचे वाडे (मेंढरांसह फिरणारी बिऱ्हाडे), ऊसतोडीच्या टोळ्या, बोअरच्या गाड्या, आषाढीच्या दिंड्या, आणि अलीकडे आमच्यासारखी निवृत्तीनंतर गाडीतच संसार मांडून हिंडणारी जोडपी. यांतल्या बहुतेकांबरोबर एखादे कुत्रे असतेच, आणि मुक्काम पडला की ते कुठे आणि कसे बांधायचे हा प्रश्न रोज नव्याने येतो. ज्यांनी हे स्वतः केले आहे त्यांनी चुकांसह सविस्तर लिहावे, अशी विनंती मी केली होती. आरंभ माझ्या चुकीपासून करते.

आमचा मोती तेव्हा दोन वर्षांचा होता. हिप्परग्याच्या तलावाजवळ आम्ही थांबलो होतो आणि ऊन लागू नये म्हणून मी त्याला टेम्पोच्या आतच, मागच्या आसनाच्या कडीला बांधले होते. दार उघडे होते. बाहेरून शेळ्या गेल्या तशी त्याने उडी मारली. दोरी दारापर्यंत पोचेल एवढी लांब होती, परंतु जमिनीपर्यंत पोचण्याइतकी नव्हती. तो मागच्या पायांच्या नखांवर कसाबसा टेकून पट्ट्याला लटकत होता आणि त्याच्या तोंडातून आवाजसुद्धा येत नव्हता. यजमानांनी त्याला खालून उचलून धरले आणि मी गाठ सोडू लागले. पण ती निरगाठ होती, वजनाने आणखीच आवळली होती, आणि शेवटी भाजीच्या सुरीने दोरी कापावी लागली. मी पाठमोरी राहिले असते तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

त्या दिवसापासून मी कुत्र्याला बांधण्यापूर्वी दोरीचे टोक हातात ताणून धरून स्वतः पूर्ण फेरी मारते. त्या वर्तुळात ओटा, कठडा, गाडीची पायरी असा एकही उंचवटा येता कामा नये, कारण चढलेले कुत्रे पलीकडच्या बाजूला उडी मारते. फेरीत बाभळीचे काटे, फुटक्या बाटल्या आणि चूल किती जवळ आहे हेही दिसते.

बोअरच्या गाडीवरील देखरेख करणारे, मोहोळ

आमचे काम रात्री-अपरात्री संपते आणि गाडी लगेच पुढच्या गावाला निघते. आमच्याबरोबरचे कुत्रे पूर्वी गाडीच्या पुढच्या बंपरला बांधलेले असे. एका पहाटे चालक झोपेतून उठून थेट आपल्या जागेवर बसला आणि त्याने गाडी चालू केली. कुत्रे पुढच्या चाकाच्या सावलीत झोपले होते. एका कामगाराने आरडाओरडा केला म्हणून ते वाचले. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की कुत्रे गाडीला बांधायचे नाही. आणि रान मोकळे असून दुसरे काही नसलेच, तर ज्या कडीला दोरी अडकवली त्याच कडीला गाडीची किल्लीही अडकवायची. किल्ली काढायला जाणाऱ्याला कुत्रे दिसल्यावाचून राहत नाही.

मेंढपाळाचा पुतण्या, सांगोला तालुका

पुढील मजकूर माझ्या चुलत्यांनी सांगितलेला आहे. मी तो फक्त लिहून काढला आहे.

पाऊसकाळ सरला की आमचा वाडा मेंढरे घेऊन बाहेर पडतो. रात्री मेंढरे वाघुरीत (जाळीच्या कुंपणात) कोंडली की कुत्री मोकळीच सोडलेली असतात, कारण आमच्या माळरानावर लांडगा आहे आणि बांधलेले कुत्रे लांडग्यापुढे काहीच करू शकत नाही. ते पळू शकत नाही, वळसा घालू शकत नाही, सोबतच्या कुत्र्यांजवळ जाऊ शकत नाही. मग बांधायचे केव्हा? गावातून किंवा मोठ्या रस्त्याकडेने वाडा जाताना, कुत्री माजावर असताना, अंगावर जखम असताना आणि नवे पिल्लू वाड्याला सरावेपर्यंत. रात्री ज्याला बांधावेच लागते त्याला चुलते वाघुरीच्या आत, स्वतःच्या अंथरुणाशेजारी बांधतात. टोकाला किंवा अंधारात कधीच नाही.

गाठीविषयी त्यांचा आग्रह फार आहे. मेखेकडची गाठ नेहमी सुरगाठ असावी, म्हणजे वेळ आली की एका हिसक्यात ती सुटते. गळ्यापाशी मात्र सरकफास कधीही नसावा. तिथे रुंद चामडी पट्टा हवा आणि त्यात दोन बोटे सहज जावीत. गुरांना घालतात तसे लोढणे (लाकडाचा ओंडका) काही जण कुत्र्याच्या गळ्यात अडकवतात. चुलत्यांना ते मुळीच पटत नाही, कारण लोढणे दगडांत किंवा झुडपात अडकले की कुत्रे तिथेच राहते आणि वाडा पुढे निघून जातो. त्यांच्या तरुणपणी एक चांगले कारवानी कुत्रे असेच गेले. ते दोन दिवसांनी सापडले. ही हकिकत सांगताना ते बराच वेळ गप्प बसले होते, म्हणून मी आणखी विचारले नाही.

साखरशाळेत (ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी शाळेत) शिकवणाऱ्या बाई, करमाळा तालुका

तोडीच्या हंगामात बैलगाडीच्या आसाला बांधलेली कुत्री मी अनेक कोप्यांपुढे (तोडकऱ्यांच्या झोपड्यांपुढे) पाहिली आहेत. उसात बिबट्या राहतो, ही आमच्याकडे ऐकीव गोष्ट नाही. डिसेंबर २०२० मध्ये याच तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली होती. कोपीबाहेर रात्रभर बांधलेले कुत्रे राखण करत नाही, ते बिबट्याला कोपीच्या दारापर्यंत आणते. माझ्या वर्गातील एका मुलीची कुत्री अशीच गेली. सकाळी फक्त तुटलेली दोरी उरली होती. त्यानंतर त्या टोळीने अंधार पडताच कुत्री कोपीत घ्यायला सुरुवात केली. जागा अपुरी असते हे मी जाणते, तरीही दुसरा सुरक्षित मार्ग मला दिसत नाही.

पशुवैद्य, सोलापूर शहर

माझ्याकडे मे महिन्यात येणाऱ्या बांधलेल्या कुत्र्यांची कहाणी बहुधा एकच असते: सकाळी सावलीत बांधले होते. सावली सरकते, दोरी सरकत नाही. आठ वाजता कडुनिंबाच्या पश्चिमेला असलेली सावली दुपारी दोन वाजता पूर्वेकडे वळलेली असते, आणि आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असताना उन्हात अडकलेले कुत्रे फार वेळ तग धरत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करते. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ते ४१ च्या वर गेले की जिवाला धोका असतो. धाप थांबत नाही, लाळ घट्ट होते, हिरड्या लालभडक दिसतात, झोकांड्या जातात, अशी लक्षणे दिसताच सावलीत नेऊन पोट, काखा व पंजे साध्या पाण्याने भिजवावेत, वारा घालावा आणि त्याच वेळी दवाखान्याकडे निघावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

लोखंडी साखळी उन्हात चटका देते, म्हणून उन्हाळ्यात जाड सुती दोर बरा. दोर चावणाऱ्या कुत्र्यासाठी गळ्याजवळ हातभर साखळी आणि पुढे दोर असे करता येते. मध्ये भोवरकडी (गोल फिरणारी कडी) असली की पीळ बसत नाही. पाण्याचे भांडे जड, पसरट आणि दोरीच्या कक्षेतच, पण मेखेपासून दूर ठेवावे, नाहीतर पहिल्याच फेरीत ते उपडे होते. बांधलेल्या कुत्र्याला भटकी कुत्री चावली तर ते निसटू शकत नाही, त्यामुळे रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे वेळच्या वेळी द्यावीच. फिरतीत गोचिडांसाठी कान आणि बोटांमधल्या फटी रोज तपासाव्यात.

कायद्याचीही आठवण ठेवावी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर तोही मालकाचा गुन्हा ठरतो.

दिंडीच्या ट्रकवरील सेवेकरी, माळशिरस

नातेपुते ते वाखरी या टप्प्यात गर्दी इतकी असते की आम्ही कुत्रे उघड्यावर बांधतच नाही. तंबूत, भटारखान्यापासून दूर, आणि शेजारी एक माणूस कायम.

शेतकरी व हंगामी ट्रॅक्टरचालक, मंगळवेढा

मेखेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमच्या काळ्या रानात कोरड्या दिवसांत घट्ट बसलेली मेख एका पावसात सैल होते, आणि ओढणारे कुत्रे ती उपटून मेखेसकट रस्त्यावर धावते. मागे फरफटणारी मेख कुंपणात अडकली की गळा आवळतो. मुरमाड जमिनीत मेख वीतभरही जात नाही आणि वरवर बसलेली दिसते. मी आधी पहारीने भोक पाडतो, हातभर लांबीची लोखंडी मेख कुत्र्याच्या ओढीच्या उलट दिशेला थोडी कलती ठोकतो आणि कुत्रे अडकवण्यापूर्वी दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढून पाहतो. पाऊस पडून गेल्यावर, मग तो हलकासा शिरवा असला तरी, मेख पुन्हा ठोकतो.