सायकलचा पुढचा लाईट नक्की कसा लावायचा? समोरचे डिपर मारतात

शिरोली_शिफ्ट:
नमस्कार मंडळी, मी शिरोली एमआयडीसीत कामाला, सेकंड शिफ्ट सुटली की रात्री बाराच्या सुमाराला सायकलनं कोल्हापुरात घरी येतो. दिवाळीत १००० लुमेनचा चार्जिंगचा लाईट घेतला, उजेड भरपूर पडतोय पण समोरनं येणारे बाईकवाले डिपर मारतात, परवा एकजण थांबून म्हणाला डोळ्यात घुसतोय तुझा लाईट. म्हणून ब्लिंकवर टाकला तर मलाच खड्डा दिसंना. मागं सीटखाली छोटा लाल आहे. त्यात आता ऊसाचा सीझन, ट्रॉल्यांना मागं काही नसतंय. काय करू?

घाटवाटा:
दादा, लाईट चांगलाय, अँगल चुकलाय. भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करा, लाईट लावा, भिंतीवरच्या गोलाचा सगळ्यात उजळ भाग लाईटच्या उंचीपेक्षा वीतभर खाली पडायला पाहिजे, म्हणजे रस्त्यावर साधारण वीस-बावीस मीटरवर उजेड पडतो. शहरात स्ट्रीटलाईट असेल तिथं ३०० लुमेन पुष्कळ झाले, फुल फक्त अंधाऱ्या पट्ट्यात. आणि खड्ड्यानं ब्रॅकेट फिरतो, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालून आवळा, हलणार नाही.
मागचा लाल स्थिर ठेवा. नुसता लुकलुकणारा असला की मागच्याला तुम्ही किती लांब आहात तेच कळत नाही. मी बीआरएम (ठराविक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईड) करतो, ३०० किमीला २० तास मिळतात म्हणजे रात्र येतेच, तिथं पुढे-मागे लाईट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं आहे. जर्किन किंवा डब्याची पिशवी मागच्या लाईटवर लोंबत नाही ना तेही एकदा मागून बघा, माझा असाच तासभर झाकलेला होता, मित्रानं सांगितलं तेव्हा कळलं.

स्टुटगार्टकर:
इथे जर्मनीत सायकलला ब्लिंकिंग लाईट चालतच नाही, आणि पुढच्या लाईटची काच अशी असते की उजेड वरून कापल्यासारखा सरळ रेषेत संपतो, कारच्या लो बीमसारखा. टॉर्चसारख्या गोल लाईटचा निम्मा उजेड झाडांवर आणि लोकांच्या डोळ्यात जातो. पुढचा लाईट घेताना तसा बघ.

मिरजेचा काका:
आमच्या वेळी टायरला घासणारा डायनामो, सायकल थांबली की लाईट बंद. तुम्हाला बॅटरी आहे तर चौकात थांबलात तरी लाईट चालू राहू दे. ट्रॉलीचं म्हणाल तर बाळा, मागं ऊसाची टोकं बाहेर आलेली असतात, बरोबर तोंडाच्या उंचीला. समोरनं ट्रकचा फोकस आला की त्याच्याकडं बघायचं नाही, डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवायची आणि वेग चालायच्या चालीवर आणायचा, कारण त्या फोकसच्या अलीकडं उभी ट्रॉली असली तर अजिबात दिसत नाही. पॅडलला आणि घोट्याला रेडियमची पट्टी लावा, ती वरखाली हलते म्हणून लांबनंच कळतं की सायकलवाला चाललाय.

शिरोली_शिफ्ट:
काका, घाटवाटा दादा, लई आभार. आत्ताच भिंतीवर बघितलं, गोल चक्क माझ्या डोक्याच्या वर पडत होता. खाली केलाय, ट्यूबपण घातली. रेडियम उद्या नंबरप्लेटवाल्याकडनं आणतो.