सुटकेसमध्ये मावणारी गळाची काठी: चार तुकड्यांची घ्यावी की सहा?

बंधाऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. जुलैत आम्ही दोघं लेकीकडं नॉटिंगहॅमला चाललोय, दोन महिन्यांसाठी. गावातून ट्रेंट नदी वाहते. नातू आठ वर्षांचा आहे आणि फोनवर त्याचं रोज एकच असतं, "आजोबा, गळ आणणार ना?"

मी कसबा बावड्याचा. राजाराम बंधाऱ्यावर वडिलांनी कळकाची काठी हातात दिली तेव्हा मीही त्याच्याएवढाच होतो. मोरपिसाच्या काडीचा तरंगा ते स्वतः करायचे. अजूनही रविवारी सकाळी कणकेचा गोळा आणि डबीभर गांडुळं घेऊन मी जातो. चिलापी रोजची, रोहू कधीमधी. त्या पोराला पहिला मासा माझ्या हातानं लावून द्यायचा आहे, म्हणून हा खटाटोप.

आत्ताची माझी काठी १० फुटी, दोन तुकड्यांची. पाच फुटांचा तुकडा सुटकेसमध्ये जात नाही. दोन वर्षांमागं एकात एक सरकणारी, टेलिस्कोपिक काठी घेतली होती. ती घेऊन एसटीनं पाटगावला गेलो. काठावर ठेवली तेव्हा नळ्यांत वाळू शिरली आणि तिसऱ्या खेपेला मिटेचना. जोर लावला तर टोकाकडची नळी उभी चिरली. त्यामुळं तसली पुन्हा नको.

तुकडे जोडायची काठी बघतोय. दुकानात एकानं सांगितलं, चारपेक्षा जास्त तुकडे म्हणजे सांध्यात मोडणारच. हे खरं आहे का? मला १० ते ११ फूट हवी. मुख्यतः तरंग्यावर, कधी तळाला गळ टाकायला. बजेट पाच-सहा हजार.

टर्नर_उद्यमनगर

दादा, तीस वर्षं लेथवर काढली, म्हणून सांध्याचं मी बोलतो.

तुकडे किती यावर मोडणं ठरत नाही, सांधा कसा बसलाय यावर ठरतं. सांधे दोन तऱ्हेचे असतात. एकात वरचा तुकडा टोपीसारखा खालच्यावर चढतो. दुसऱ्यात खालच्या तुकड्यातून एक खुंटी बाहेर आलेली असते आणि वरचा तुकडा तिच्यावर बसतो, त्याला स्पिगॉट म्हणतात. दोन्हीत निमुळता टेपर असतो, म्हणजे दाबत जाल तशी पकड येते. स्पिगॉटच्या नव्या काठीत दोन तुकड्यांमध्ये नखाएवढी फट दिसते. बरेच जण ती बघून काठी परत करतात. ती फट मुद्दाम ठेवलेली असते. वापरानं खुंटी झिजते, तुकडा थोडा आणखी खाली बसतो आणि पकड टिकते. फट पूर्ण मिटली आणि तुकडा हलायला लागला, की सांधा झिजला समजायचं.

दुकानात काठी पूर्ण जोडून बघा. दोरी ज्यातून जाते त्या सगळ्या कड्या एका रेषेत आणा, मग मूठ धरून हलकी हलवा. कुठं टकटक जाणवली तर ती काठी ठेवून द्या. मग दुसऱ्याला टोक धरायला सांगून वाकवा. कमान एकसारखी यायला पाहिजे. सांध्याजवळ सरळ आणि मध्येच कोपर काढल्यासारखी दिसली तर नको. कड्यांच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर कडीला तडा आहे, ती तुमची दोरी कापणार.

आता लांबी. ११ फूट म्हणजे ३३५ सेंटीमीटर. सांध्यात प्रत्येकी पाचेक सेंटीमीटर आत जातात, ते मिळवा. चार तुकड्यांची केली तर एक तुकडा ८७-८८ सेंटीमीटरचा होतो, पाचांची ७१, सहांची ६०. सुटकेसमध्ये तिरकं माप घ्या, सरळ नको. जेवढ्या कमी तुकड्यांत बसेल तेवढं बरं, कारण प्रत्येक सांधा म्हणजे वजन आणि थोडा ताठपणा. पण चांगल्या सांध्यांची सहा तुकड्यांची काठी खराब चारपेक्षा कधीही घ्यावी.

आणि ताकद. काठी आडवी धरून टोकाला ओढ दिली, तर टोक काटकोनात वळायला जितके पौंड लागतात त्याला टेस्ट कर्व्ह म्हणतात. तुमच्या कामाला सव्वा पौंड. त्याच्या पाचपट, म्हणजे ६ पौंडांच्या आसपासची दोरी लावा. पोराच्या हातात हीच बरी, छोटा मासासुद्धा काठीत जाणवतो.

कागलकर_डर्बी

काका, मी तुमच्या लेकीच्या शेजारच्याच गावात आहे. काठीचं वर आलंच आहे, बाकीचं सांगतो.

इंग्लंडमध्ये १३ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेचं मासे धरायचं लायसन्स लागतं, पाहुण्यांनाही. एका दिवसाचं, आठ दिवसांचं, वर्षाचं असं ऑनलाइन मिळतं. नातवाला लागत नाही, तुम्हाला लागेल. त्याशिवाय त्या पाण्याची परवानगी वेगळी. आपल्याकडं तलावाचा ठेका मच्छीमार सोसायटीकडं असतो, तसं इथं बरंच पाणी क्लबकडं असतं, त्यांचं दिवसाचं तिकीट काढायचं. नदीवर १५ मार्च ते १५ जून बंदी असते. तुम्ही जुलैत येताय, काही अडचण नाही.

शिसं मात्र कोल्हापुरातून आणू नका. ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या शिशाच्या वजनांवर इथं १९८७ पासून बंदी आहे, कारण ती गिळून हंस मरायचे. बिनविषारी वजनं इथं घ्या. मोरपिसाचे तरंगेही घरीच ठेवा, मोरपिसं देशाबाहेर न्यायला आपल्याकडं बंदी आहे. इथं बऱ्याच पाण्यांवर बिनकाट्याचा, म्हणजे टोकाला उलटा काटा नसलेला गळच चालतो आणि मासा परत सोडतात. नातवाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो घरी न्यायला हट्ट धरेल.

एक लक्षात घ्या. ट्रेंटमध्ये बार्बेल असतो, मिशा असलेला, आपल्या खडशीच्या घराण्यातला. तो लागला तर सव्वा पौंडाची काठी आणि ६ पौंडांची दोरी पुरणार नाही. त्याच्या मागं जायचं असेल तर इथं कुणाची तरी दणकट काठी मागून घेऊ. तुम्ही रोच आणि पर्च या लहान माशांवर सुरुवात करा. तरंगा बुडताना बघण्यात पोरं रमतात.

भोगावतीकाठ

आणलेली काठी परत येऊन इथं वापरणार असाल तर एवढं वाचा. असल्या काठ्या कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. आपल्या नदीकाठी उसाच्या मोटारींच्या तारा लोंबत असतात, पावसाळ्यात तर फारच खाली. काठी जोडायच्या आधी मान वर करून बघायचं. तारेखाली जोडायची नाही, जोडलेली उभी घेऊन चालायचं नाही. ढगांचा गडगडाट सुरू झाला की खाली ठेवून लांब व्हायचं.

बंधाऱ्यावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. टर्नर दादा, तुमचं वाचून काल सुटकेस उघडून बसलो. आतलं माप ६५ बाय ४५, म्हणजे तिरकं ७९. वाटलं ७१ ची पाच तुकड्यांची सहज जाईल. शेतीच्या दुकानातून अडीच इंची पीव्हीसी पाइप आणला, दोन टोप्या लावून ७५ चा केला. गेला नाही. पाइपला जाडी आहे, कोपऱ्यात अडकतो. हे हिशोबात धरलं नव्हतं. मग कापून ६४ चा केला, आरामात बसला. त्यामुळं सहा तुकड्यांची ११ फुटी, सव्वा पौंडाची. शनिवारी दुकानात जाऊन जोडून, वाकवून बघतो.

कागलकर, शिशाचं बरं झालं सांगितलंत. डबी भरून ठेवली होती, ती काढली. तरंगेही ठेवले.

एक राहिलं. सांधा अडकला तर काय करायचं? बायको म्हणते तिथं तुमच्यासाठी कोण धावून येणार.

टर्नर_उद्यमनगर

पक्कडीनं धरायचं नाही, कार्बन चिरडतो. काठी गुडघ्यांच्या मागं आडवी घ्या, हात गुडघ्यांच्या बाहेरून सांध्याच्या दोन्ही बाजूंना धरा, आणि गुडघे हळूहळू फाकवा. जोर सरळ लागतो, पिळ बसत नाही. कडी धरून कधीच पिळू नका. नवीन काठीच्या खुंटीवर आधीच साध्या मेणबत्तीचं मेण बोटानं चोळून ठेवलंत तर अडकायचीही नाही आणि सुटायचीही नाही. गळ टाकताना तासाभरानं एकदा सगळे सांधे हातानं दाबून बघा. फेकून फेकून ते सैल होतात आणि तसंच फेकत राहिलं तर तिथंच मोडते. हे काम नातवाला द्या.