मदरबोर्ड बदलला की लिनक्सही नव्यानं टाकायचं?

तळजाईकर:
बाबांच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला. तपकीर गल्लीतल्या एका दुकानात नवा बसवून घेतला. चालू केला तर काळा पडदा, बूट करायला काही सापडत नाही म्हणे. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारू, तासाभरात देतो." मी मशीन उचललं आणि घरी आणलं.

डिस्क ठणठणीत होती, डेबियन १२ हे लिनक्स जागच्या जागी. गेली होती ती फक्त एक नोंद. यूईएफआयनं (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) कुठली फाइल उघडून सुरुवात करायची, हे मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणारी छोटी मेमरी) लिहिलेलं असतं. बोर्ड गेला, नोंद गेली. ज्यावरून लिनक्स थेट चालतं असा लाइव्ह पेनड्राइव्ह लावला (यूईएफआय मोडमध्येच, लेगसीत म्हणजे जुन्या पद्धतीत नव्हे), रूट (सिस्टिमचं) आणि ईएफआय (बूटच्या फाइलींचं) पार्टिशन माउंट केली, डेव्ह-प्रॉक-सिस ही सिस्टिमची फोल्डरं जोडून सीएचरूट केलं, म्हणजे डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरलो, आणि ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) व ती नोंद पुन्हा बसवणारं ग्रब-इन्स्टॉल चालवलं. वीस मिनिटं! मग नेट लागेना. लॅन पोर्टचं नाव ईएनपी३एस० होतं, ते नव्या बोर्डावर ईएनपी५एस० झालं होतं आणि नेटच्या सेटिंगच्या इंटरफेसेस फाइलीत मी जुनंच नाव हातानं लिहिलेलं. एक ओळ बदलली, झालं.

एवढ्यासाठी डिस्क पुसायची? मला हे अजिबात पटत नाही.

पेठेतला मेकॅनिक:
दादा, तुम्हाला जमलं, चांगलंच आहे. मी रोज लोकांची मशीनं बघतो. गेल्या वर्षी एका मुलानं असंच काहीतरी वाचून ईएफआय पार्टिशन समजून भलत्याच पार्टिशनवर एमकेएफएस (फॉरमॅट मारणारी कमांड) चालवलं. आईबाबांचे सगळे फोटो त्यातच होते. ज्याला एलएसबीएलकेचं (डिस्क-पार्टिशनची यादी दाखवणारी कमांड) आउटपुट वाचता येत नाही त्यानं सीएचरूटच्या वाटेला जाऊ नये. होम (आपल्या फाइलींचं फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ते न पुसता नवं इन्स्टॉल हाच सरळ रस्ता. जुने ड्रायव्हर, जुनी जोडाजोड, काही मागे राहत नाही.

तळजाईकर:
होम वेगळं असेल तर! बाबांचं नव्हतं. सगळं एकाच पार्टिशनवर, बारा वर्षांची मेल त्यातच. दुकानात कुणी विचारलंसुद्धा नाही. माझा राग त्यावर आहे.

पेठेतला मेकॅनिक:
न विचारता पुसणं चूकच, त्यात दुमत नाही. पण त्यावर उपाय बॅकअप आहे, ग्रब नाही. तुम्हीसुद्धा आधी डिस्कची कॉपी काढली होती का?

तळजाईकर:
नाही काढली. काढायला हवी होती.

औंधवासी:
तुम्ही दोघंही डिस्क वाचता येते असं धरून चाललाय. माझ्या लॅपटॉपची डिस्क लक्सनं (लिनक्सचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) एन्क्रिप्ट केलेली, किल्ली टीपीएममध्ये (बोर्डावरची सुरक्षा चिप). बोर्ड बदलला आणि टीपीएम त्याच्याबरोबर गेला. पासफ्रेजही ठेवला होता म्हणून वाचले, नाहीतर ग्रब काय नि नवं इन्स्टॉल काय, डेटा कायमचा गेला असता. सिक्युअर बूटसाठी (सही तपासूनच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) नोंदवलेली मॉक की (मालकानं स्वतः नोंदवलेली सहीची किल्ली) पण बोर्डावरच असते. ती नव्यानं नोंदवेपर्यंत एनव्हिडियाचा ड्रायव्हर लोड होत नव्हता. आणि दादा, डिस्क दिसतच नसेल तर ग्रबला हात लावण्याआधी बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) स्टोरेज रेड किंवा व्हीएमडी या मोडवर आहे का ते बघा. एएचसीआय हा साधा मोड करून बघितल्यावर माझ्या भावाची डिस्क लगेच दिसली.

पेठेतला मेकॅनिक:
ताई, व्हीएमडीचं खरंय, त्यापायी मीच एकदा अख्खी दुपार घालवली आहे. तरी ऑफिसातली एकसारखी पंधरा मशीनं असतील तर मी नव्यानंच टाकणार. तिथे माणसं खोळंबून बसलेली असतात.

तळजाईकर:
ऑफिसचं मान्य. घरच्या मशीनला मात्र आधी पेनड्राइव्ह लावायचा, डिस्क उघडते का बघायचं, कॉपी काढायची. पुसायचं की नाही ते मालकाला विचारून, त्यानंतर.