रेस वॉकिंग : पंचांचा डोळा पुरेसा आहे, की बुटात सेन्सर हवा?

पहाटवारा
रेस वॉकिंगचे, म्हणजे भराभर चालण्याच्या शर्यतीचे, नियम दोनच आहेत. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. आणि पुढचा पाय टेकल्यापासून शरीर त्याच्यावर उभं येईपर्यंत गुडघा सरळ हवा. माझा आक्षेप पहिल्या नियमाला आहे, कारण त्यात पाय सुटल्याचं नुसत्या डोळ्यांना दिसलं तरच ती चूक ठरते. जपानच्या यामानिशीचा २० किमीचा विक्रम १ तास १६ मिनिटं १० सेकंदांचा आहे, म्हणजे किलोमीटरला चार मिनिटंही लागत नाहीत. या वेगाचं स्लो मोशन बघा, बहुतेकांचे दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात. मग कोण बाद आणि कोण नाही हे पंच कुठे उभा आहे त्यावर ठरायचं? सिडनी २००० मध्ये ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल घरच्या प्रेक्षकांसमोर सर्वांत पुढे होती आणि स्टेडियमच्या बोगद्याशी तिला बाद केलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये मेक्सिकोच्या सेगुराने अंतिम रेषा पहिल्यांदा ओलांडली आणि तो बाद असल्याचं त्याला नंतर कळलं. सेन्सर लावा आणि मर्यादा मिलिसेकंदांत ठरवा.

टाचेवरचा
साफ असहमत. मर्यादा आकड्यात आली की सगळे त्या आकड्याच्या काठावरच चालायला शिकतील, आणि ही शर्यत हळूहळू धावण्याची होईल. शिवाय शेवटच्या टप्प्यातला मुख्य पंच सोडला तर एकटा पंच कोणालाच बाद करू शकत नाही. लाल कार्ड म्हणजे बाद करण्याची शिफारस. एका खेळाडूला एका पंचाचं असं एकच कार्ड मिळतं, म्हणून तीन कार्डं म्हणजे तीन वेगळे पंच. त्याआधी पिवळं पॅडल, म्हणजे हातातली पाटी, दाखवून सावध करतात: नागमोडी रेघ असेल तर पाय सुटतोय, कोन असेल तर गुडघा वाकतोय. पूर्वी तीन कार्डांना थेट बाद असायचं, आता मोठ्या स्पर्धांत पेनल्टी झोन, म्हणजे शिक्षा म्हणून थांबायची जागाही आहे. २० किमीत तिसऱ्या लाल कार्डाला दोन मिनिटं थांबायचं, चौथ्याला बाद. सॅव्हिलच्या वेळी हे असतं तर ती शर्यत पूर्ण करू शकली असती.

रस्त्यावरची
मी विद्यापीठ पातळीवर चालले आहे, तीन कार्डं घेऊन बाहेरही गेले आहे. तिन्ही गुडघ्याची. त्या दिवशी पंचांवर खूप चिडले होते. प्रशिक्षकांनी व्हिडिओ दाखवला तेव्हा दिसलं, शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये माझं पाऊल शरीराच्या फार पुढे पडत होतं. कंबर दमली की ती फिरत नाही, मग लांबी पायानेच ओढावी लागते, आणि टाच टेकते तेव्हा गुडघा वाकलेलाच असतो. म्हणून आम्हाला पावलं जवळ आणि भराभर टाका, दोन्ही पायांचे ठसे एका रेघेवर पडू द्या, असं शिकवायचे. बुटातला सेन्सर हे काहीच सांगू शकत नाही, त्याला गुडघा कुठून कळणार! पाय सुटायला लागतो तेव्हा खांदे उचलले जातात आणि हात छातीच्या वर जायला लागतात. बाजूला उभ्या असलेल्या अनुभवी पंचाला हा बदल दिसतो, म्हणून तो त्या पायाकडे जास्त लक्ष देतो.

पहाटवारा
गुडघ्याचं मान्य, तिथे पंच हवाच. पण पाय सुटण्याबाबत मी माघार घेत नाही. खांदे उचलले गेले हा अंदाज झाला, पुरावा नाही. चार वर्षं त्या एका सकाळसाठी चाललेल्या मुलीला अंदाजावर बाद करू नका.

टाचेवरचा
अंदाजावर कोणी बाद करत नाही. खांदे पाहून पंच कुठे बघायचं ते ठरवतो, कार्ड पाऊल सुटलेलं दिसलं तरच देतो. आणि तालुक्याच्या डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या पोरीला सेन्सरचे बूट कोण देणार, तेही सांगा. वर एक नियम आणि खाली दुसरा, हे मला चालणार नाही.